हॉलंडवरून आलेली रोवणी

मित्रांनो, आंबागडच्या भोजराज गुरुजींनी एका पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. त्यांनी ते लगेच दिलं असतं, तर 'गाणी गेली' एवढंच लिहिलं असतं आणि मी आज डबीतच पडून असतो. मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. नखाएवढं. एक कोपरा झिजलाय, पण आठवण शाबूत आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तिथे आम्ही लाखो भावंडं सारखीच दिसत होतो आणि सगळी रिकामी होतो. मला पहिला आवाज मिळाला तुमसरच्या बाजारात. सुखराम नावाच्या ट्रॅक्टरवाल्याने मला आपल्या बटणांच्या फोनमध्ये बसवलं आणि लग्नाची गाणी भरून घेतली. नांगरणी असो की वरात, मी गात होतो. "कार्ड एवढंसं, पण दम पाहा!" असं तो ज्याला त्याला सांगायचा. पुढे त्याने मोठा फोन घेतला. त्यात मला जागाच नव्हती. मग मी मनालीच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, स्क्रूच्या डबीत येऊन पडलो. तिथे मला कोणी वाईट वागवलं नाही. मी आहे, हेच कोणाच्या लक्षात नव्हतं.

एका दुपारी गुरुजी दुकानापाशी आले. ते गावातल्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. आत जावं की परत फिरावं, हे पायरीवरच ठरवत उभे राहिले.

"या ना काका, दुकानात याले तिकीट नाही," मनाली म्हणाली.

गुरुजींनी पुस्तकात दोन महिने खुणेसाठी ठेवलेलं एक पत्र काढून तिला दिलं. तिने ते मोठ्याने वाचलं, म्हणून मलाही कळलं. गुरुजींनी पूर्वी आंबागडच्या बायकांची भातरोवणीची, म्हणजे भाताची रोपं लावतानाची, गाणी फोनवर टिपून एका संकेतस्थळावर ठेवली होती. लाखांदूरकडच्या कुंताबाईंना नातीच्या फोनवर त्या गाण्यांत आपल्या बहिणीचा, रुपाबाईंचा आवाज ऐकू आला. रुपाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. गाणं अर्ध्यावर आलं आणि फोनची बॅटरी संपली. दुसऱ्या दिवशी पान उघडेना. 'शासनाच्या आदेशाने बंद' एवढंच दिसे. मग नात शिकायला नागपूरला गेली. शेवटी लिहिलं होतं, "गुरुजी, मले माह्या बहिणीचं गाणं पुरं आयकाचं आहे. माह्यापाशी बटणाचा फोन आहे."

"माझा फोन तर तलावात पडला. आता गाणी फक्त त्या बंद पानावरच आहेत," गुरुजी पुटपुटले. "अन् काहून बंद केलं असेल? माझंच काही चुकलं असेल. मी सगळी गाणी आठवून पाहिली. एकात सासूची तक्रार आहे. तेवढीच."

"सासूपायी सरकार एवढं नाही करत, काका!" मनालीने फोनवर शोधाशोध केली. त्या संकेतस्थळावर हजारो लोकांची पानं होती. कोणाच्या तरी एका पानावर हरकत आली आणि सगळंच बंद झालं. "राग एका खोलीवर, अन् कुलूप पुऱ्या बिल्डिंगले!"

"मग आता?"

"आता फिरून जाऊ." तिने व्हीपीएन नावाचं अ‍ॅप सुरू केलं. आपल्याकडचा रस्ता बंद असला, तर हे अ‍ॅप दुसऱ्या देशातल्या संगणकाकडून पान मागवून देतं. पडद्यावरचं चाक फिरलं, फिरलं आणि पान उघडलं. "घ्या काका, तुमची रोवणी हॉलंडवरून येऊन राहिली!"

"हा गुन्हा तर नाही?"

"आपलंच गाणं आपण आणाले कायचा गुन्हा?"

दुकान रुपाबाईंच्या आवाजाने भरून गेलं. मागे बांगड्या वाजत होत्या, चिखलात पाय पडत होते. मध्येच गाणं थांबलं आणि रुपाबाई ओरडल्या, "अवो, सूर कायले सोडता? माही कुंता राहिली असती तं दाखवलं असतं तुम्हाले! पर लबाड कुठची, लगन करून लाखांदूरले पळाली, रोवणी माह्यावर टाकून!" बायकांचा एकच हशा उसळला.

कुंताबाईंच्या नातीच्या फोनची बॅटरी या वाक्याच्या अलीकडेच संपली होती.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "हे तिच्यापर्यंत जायलाच पाहिजे," ते म्हणाले. त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात शंका नव्हती.

पण बटणांच्या फोनमध्ये बसेल असं काय? मनालीने डबी उपडी केली आणि स्क्रूंच्या ढिगातून मला उचललं! तिने मला पुसलं, रोवणीची सगळी गाणी माझ्यात भरली. सुखरामचं वरातीचं एक गाणं मात्र तिने मुद्दाम राहू दिलं. "लगन करून पळालेल्या बाईले चालते," म्हणाली. गुरुजी खुदकन हसले.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जे जिवापाड आवडतं, ते एकाच दारामागे ठेवू नका. ते दार कोण कधी लावेल, सांगता येत नाही. एक प्रत माझ्यासारख्या लहानग्याकडे द्या, एक शेजाऱ्याकडे द्या. आणि डबीतल्यांना अधूनमधून हलवून बघा.

आता मी पाकिटात आहे, गुरुजींच्या दोन ओळींच्या उत्तराला चिकटलेला. त्यांचा हात टपालपेटीच्या तोंडात आहे, पाकीट अजून बोटांतच आहे.

"अक्षर लागेल ना तिला?"

"सोडा आता, काका. पेटी चावत नाही."

बोटं सुटली. मी धपकन पत्रांच्या ढिगावर पडलो, आणि माझ्याबरोबर रुपाबाईही निघाल्या, लाखांदूरला बहिणीला रागवायला.