दोन म्हणणारी सून

वॉर्डातली फरशी अजून ओली होती. सिस्टर खाटेपाशी आली आणि रोजचा प्रश्न विचारला, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसण्यापलीकडे. आत्ता किती?"

खाटेवर पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली, शिलाईकाम करणारी बाई. उत्तर आलं स्टुलावरच्या सासूबाईंकडून. "लिहा दोन. आमच्याकडच्या बायका दुखण्याचं भांडवल करत नाहीत."

"मावशी, पेशंटच्या तोंडून पाहिजे."

"सांग गं."

"दोन," सून म्हणाली. चादर तिने इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली होती.

वॉर्डात नव्या वेदनाशामक गोळीची चाचणी चालू होती. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, औषध नसलेली. कोणाला कोणती, हे सिस्टरला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. फारच दुखलं तर नेहमीची गोळी मागायची मुभा सगळ्यांना. जो मागेल त्याच्यावर औषध चाललं नाही असं धरायचं. न मागेल तो बरा. हिशेब चोख. पण हिशेब मांडणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात एवढंच आलं नाही, की आपल्या घरांत मागणं हाच बाईचा गुन्हा असतो.

सिस्टर डॉक्टरांकडे गेली. "सर, विचारताना नातेवाईक बाहेर पाहिजेत. पोकळ गोळीवरच्या बायकाही दात आवळून 'दोन' म्हणणार. मग दोन्ही गट सारखेच दिसतील आणि चांगलं औषधसुद्धा कुचकामी ठरेल."

"आराखडा मंजूर झालाय. मध्येच बदलता येत नाही."

"नातेवाइकांनी उशाशी बसायलाच पाहिजे, असं कुठंय त्यात?"

डॉक्टरांनी पुढची फाईल ओढली.

दुपारी तिने सासूबाईंना चहाला पाठवलं आणि दार लोटलं. "आता सांग."

सुनेने दाराकडे पाहिलं. "दोनच."

"अगं, घामाने उशी भिजलीय तुझी."

"दहा म्हणजे माणूस मरत असेल ना? मी तर बोलतेय तुमच्याशी." मग हळूच, "ती दुसरी गोळी... घेतली तर घरी कळतं का?"

"नाही."

"मग द्या."

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती बाई झोपली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वैतागले. "दोन सांगते आणि वर गोळी मागते? विसंगत आहे सगळं. बाद करा हिला."

"एवढ्या बायकांत एकीने मागायची हिंमत केली, आणि तीच बाद?"

"सिस्टर, तुमचं काम विचारायचं. निकाल काढणारे वेगळे आहेत."

"मग त्यांच्यासमोर जाऊन सांगते. मी तिचं नाव खोडणार नाही."

"नोकरी नकोय का तुम्हाला?"

"हवीय की. म्हणून तर निघाले कामाला."

पलीकडच्या खाटेवर नवी पेशंट आली होती. उशाशी नवरा ऐसपैस बसलेला.

"दादा, जरा बाहेर थांबा."

"कशाला? तिला काय समजतंय. काय ते मलाच विचारा."

"दुखतंय तिला," सिस्टर म्हणाली. "उठा."