पोटातली हजेरी

पोट माझं, पण शिफ्ट लावल्या नवऱ्याने.

आमचे कैलासराव बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. मला आठवा लागला तेव्हा डॉक्टर स्नेहा मॅडमनी सांगितलं, जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजा, दोन तासांत दहा वेळा तरी व्हायला हवी. झालं! घरात वही आली. सकाळी मी मोजायचं, दुपारी घिवलीहून आलेल्या माझ्या आईने, संध्याकाळी यांनी. खाली ज्याची त्याची सही.

माझ्या वेळी बारा, आईच्या वेळी पंधरा. यांच्या वेळी मात्र शून्य.

दुसऱ्या संध्याकाळीही शून्य आलं आणि यांचं तोंड वाळत घातलेल्या बोंबलासारखं झालं. "रूपल, काहीतरी बिघडलंय. नाहीतर त्याला मी नकोय." मला हसू येत होतं आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती.

आईला घेऊन तडक दवाखाना गाठला. मॅडमनी ठोके ऐकले. "बाळ उत्तम आहे. तुम्ही मोजता कसं, करून दाखवा बघू."

कैलासराव ताठ उभे राहिले. कारखान्यात काम सुरू करण्याआधी हजेरी घेऊन सुरक्षेच्या सूचना द्यायच्या, ही त्यांची रोजची सवय. तेच त्यांनी माझ्या पोटापुढे सुरू केलं.

"हजर? बरं. नाळ गळ्यात अडकवायची नाही. पिशवीतल्या पाण्यात दंगा नाही. नवव्या महिन्यात डोकं खाली. बाहेर पडायचा मार्ग एकच आहे, तिथे आडवं यायचं नाही."

आत दणादण लाथा चालल्या होत्या, त्या एकदम थांबल्या. यांच्या सूचना संपल्या, तशी एक सणसणीत लाथ बसली.

"रोज दोन तास हेच?" मॅडमनी विचारलं.

मला काय ठाऊक? पहिल्या सूचनेलाच मला झोप लागायची.

मॅडमना हसू आवरेना. "अहो, आता त्याला ऐकू येतं. तुमचा आवाज आला की ते गप्प राहून ऐकत बसतं."

"बोलून घ्या जावयबापू," आई म्हणाली. "भायेर आल्यावर कोन आयकतंय? माजी पोरगी आयकते काय?"

यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी तिथेच वही उघडली, दोन्ही शून्यं खोडली आणि शेजारी लिहिलं, हजर.