हंसाचा चार दिशांचा नमस्कार

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. मैदानावर चारशे अठरा माणसे, एक गुरू आणि एक हंस.

माणसे सरांनी मोजली होती. तंत्रशाळेच्या रेडिओ विभागात सारी नोकरी काढलेल्या माणसाला अंदाजाने बोलवत नाही. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नव्हती. मैदानावर मात्र ते मोजणीसाठी आले नव्हते. त्यांची थोरली बहीण आक्का तिसऱ्या रांगेत बसली होती, आणि तिला घरी परत न्यायला कोणीतरी हवे होते.

आक्काचा मधुमेह जुना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन ठरलेले. गेल्या रविवारी याच मैदानावर हंसाने तिच्या डोक्यावर तीन फेऱ्या घातल्या आणि गगनगुरूंनी जाहीर केले, "माते, तुझी साखर उतरली!" त्याच संध्याकाळी आक्काने इंजेक्शने फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात भाज्यांखाली ढकलून दिली. तिच्या डाव्या पायाच्या करंगळीला जखम होती. शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोटाचा रंग पाहिला आणि स्वच्छ शब्दांत सांगितले, "इन्सुलिन सुरू झालं नाही, तर हे बोट काढावं लागेल. आणि बोटावरच थांबेल याची हमी मी देणार नाही."

आक्का घरी येऊन म्हणाली, "डॉक्टर बिचारा सारखा खालीच बघतो. वर काय चाललंय ते त्याला कसं दिसणार?"

वर जे चालायचे ते आता सुरू होत होते. व्यासपीठावर गगनगुरू गादीवर बसले होते आणि त्यांच्या पायाशी पिसांनी मढवलेला, नारिंगी चोचीचा, हातभर लांब पंखांचा हंस होता.

"बालकांनो," गुरू ध्वनिवर्धकात कुजबुजले, "याला पेट्रोल लागत नाही, दाणा लागत नाही. हा केवळ माझ्या संकल्पावर जगतो. सात मिनिटं उडतो. सातच का? कारण लोक सात आहेत! एका मिनिटात एक लोक!"

बॅटरी लहान दिसते, सरांच्या मनात आले. सात मिनिटांनी तिच्यात चतुर्थांश शक्ती उरते आणि शहाणा माणूस तेवढी राखूनच विमान उतरवतो.

गुरूंचे आसन दर रविवारी ग्रहांनुसार फिरवले जाई. सरांनी खिशातला रुमाल काढून वर धरला. ग्रहांनी आसन नेमके वाऱ्याच्या तोंडाला लावले होते.

"आता हंस चारी दिशांना वंदन करील!"

हंसाचा डावा पंख हलला. मग उजवा. शेपटी वर झाली, खाली झाली. मग ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि क्षणभर थांबून पुन्हा एकदा उजवीकडे.

"दक्षिणेला दोनदा!" गुरू गरजले. "कारण मृत्यूला दुप्पट बजावावं लागतं!"

चारशे सतरा कपाळे वाकली. सरांचे मात्र ताठ राहिले. त्यांना धक्काच बसला होता. उड्डाणापूर्वी प्रत्येक हलता भाग असा हलवून पाहायचा, हे विमानाचे छोटे प्रतिरूप उडवणारा कोणीही करतो. पण उजवीकडे दोनदा? तंत्रशाळेच्या विमाने उडवणाऱ्या मंडळात एका वर्षी शेपटीच्या बिजागरीची पिन सुटून विमान झाडावर गेले होते. त्यानंतर सरांनीच हा नियम केला होता. तो दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. मृत्यूला बजावणारा हा नमस्कार सरांच्या वर्कशॉपमधून शिकून बाहेर पडला होता.

एका शिष्याने हंस वाऱ्यावर सोडला. ढोल वाजू लागले. मोटरचा आवाज त्यांत बुडून गेला. लोक आकाशाकडे पाहत होते, सर जमिनीकडे. चालवणाऱ्याला आकाश मोकळे दिसायला हवे आणि सूर्य पाठीशी हवा. अशी जागा एकच होती, भोंग्यांचा लोखंडी मनोरा. त्यावर छत्रीखाली एक माणूस मांडीवर पंचा पसरून बसला होता. सरांखेरीज साऱ्या मैदानात हात न जोडलेला तो एकटाच. पंच्याखाली त्याचे दोन्ही अंगठे हलत होते.

कार्यक्रम संपला तेव्हा सर मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे होते. वरून उतरणाऱ्याने त्यांना पाहिले आणि शेवटची पायरी चुकवली.

"सर!"

"सोल्डर," सर म्हणाले. वर्गात हे नाव त्याला पडले होते, कारण डाग देताना तो हटकून स्वतःचे बोट भाजून घेई. "शेपटी दोनदा तपासलीस. छान."

सोल्डरचा चेहरा खुलला. बिचाऱ्याला ती शाबासकी वाटली. "सर, मी काहीच विसरलो नाही! आधी ट्रान्समीटर चालू, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर उलट. पंख्यासमोर हात नाही. पल्ला तपासल्याशिवाय उड्डाण नाही. सिग्नल गेला तर मोटर आपोआप बंद, तेही लावून ठेवलंय."

"सिग्नल गेला की मोटर बंद. आणि मग दोन किलोचा देव कोणाच्या टाळूवर बसतो?"

सोल्डरने स्वतःच्या टाळूवरून हात फिरवला.

"ते मी मोकळ्या माळासाठी शिकवलं होतं. माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही, हा नियम पहिला होता. तेवढा बरा विसरलास?"

"गुरू म्हणतात, फेऱ्या डोक्यावरच हव्यात. सर, लोकांना जरा बरं वाटतं. कोणाचं काय बिघडतं?"

"गेल्या रविवारी तिसऱ्या रांगेत कोणावर फिरवलंस ते आठवतं?"

"वरून सगळी डोकी सारखीच दिसतात, सर."

"आक्का होती."

तंत्रशाळेत असताना सोल्डर वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळून दर शनिवारी सरांकडे जेवायला यायचा आणि आक्का त्याच्या ताटात न विचारता वाढायची. सरांनी इन्सुलिनचे सांगितले, करंगळीचे सांगितले. सोल्डर मनोऱ्याच्या पायरीवर बसला.

"पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर पाडतो हंस," तो म्हणाला. "पितळ उघडं पडेल."

"पाडणार कुठे? आहे का तेवढी रिकामी जागा मैदानावर?"

"मग काय करू?"

"नियमानं उडव. बस्स."

घरी सरांनी आक्काला सगळे समजावून सांगितले. आक्काने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे गुरू सोल्डरच्या हातून करवतात. भाग्यवान पोरगा!"

"अगं, रेडिओ आहे तो!"

"बाळ, तुला लहानपणापासून सगळ्यात तारच दिसते. आई गेली तेव्हाही तू आधी घरातला फ्यूज बघितलास."

"दिवे गेले होते, आक्का."

"तेच म्हणते मी."

"ठीक आहे. शनिवारी माळावर येशील? हंस येणार आहे."

"येईन की. पण एकटी नाही येणार. तुझं हसं झालेलं बघायला साक्षीदार नकोत?"

आक्का शब्दाची पक्की. शनिवारी सकाळी बंद कारखान्यामागच्या माळावर तीसेक माणसे जमली, बहुतेक गुरूंच्या गुणाने औषधे सोडलेली. आक्काच्या शेजारणीने, म्हणजे वहिनींनी, रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यापूर्वीच कुंडीत पुरल्या होत्या. आणि हंस पळवल्याची वर्दी लागल्यामुळे खुद्द गगनगुरूही गाडीतून उतरले.

सरांनी दोरी बांधली आणि सगळ्यांना तिच्या मागे उभे केले.

"गुरू जवळ बोलावतात, हे लांब ढकलतात," वहिनी सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटल्या.

पल्ला तपासायला सोल्डर ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून दूर चालत गेला. सर हंसाजवळ वाकून शेपटी हलते की नाही ते पाहत राहिले.

"पाहा, बालकांनो!" गुरूंना विषय मिळाला. "यांचा हंसावर विश्वास नाही. हे त्याची परीक्षा घेतात!"

"परीक्षा घेतो, म्हणून विश्वास ठेवता येतो," सर म्हणाले, पण मान वर केली नाही. शेपटी उजवीकडे दुसऱ्यांदा हलायची होती.

मग एक खुर्ची दोरीच्या पुढे, चालवणाऱ्याच्या जागी ठेवण्यात आली. सरांनी आक्काला तिच्यावर बसवले आणि तिच्या मांडीवर ट्रान्समीटर ठेवला. त्यातून निघालेली तार शेजारी उभ्या सोल्डरच्या हातातल्या दुसऱ्या ट्रान्समीटरला जोडलेली होती.

"हे काय रे?"

"शिकाऊ माणसासाठी असतं, आक्का," सोल्डर म्हणाला. "तुम्ही चालवायचं. चुकलात तर मी इथून सांभाळतो."

"मी चालवायचं? मला शिवणयंत्राशिवाय काही चालवता येत नाही!"

"माझ्या संकल्पाविना तो जमीन सोडणार नाही," गुरूंनी डोळे मिटून सांगितले.

सोल्डरने हंस वाऱ्यावर सोडला, उंच नेला, स्थिर केला आणि म्हणाला, "आक्का, आता तुमचा."

आक्काचा अंगठा थरथरला, तसा आकाशात हंसही थरथरला. ती दचकली. तिने अंगठा हळूच उजवीकडे नेला. हंस उजवीकडे कलला. डावीकडे नेला, डावीकडे. आज ढोल नव्हते. वरून शिवणयंत्रासारखी बारीक घरघर ऐकू येत होती.

"अगं बाई," आक्का म्हणाली.

गुरूंनी डोळे उघडले. "मीच ती शक्ती मातेच्या ठायी ठेवली आहे!"

आक्काने नजर आकाशातून काढली नाही. "असं होय! मग महाराज, मोठ्यानं सांगा, कुठे वळवू?"

"हंस स्वेच्छेनं वळतो, माते."

"गेल्या खेपेला तर तुमच्या आज्ञेनं वळला!"

"सांगा की महाराज!" दोरीमागून कोणीतरी ओरडले. तीस माणसांसमोर गप्प बसणे गुरूंच्या धंद्याला परवडणारे नव्हते.

"डावीकडे!"

आक्काने अंगठा उजवीकडे दाबला. हंस उजवीकडे गेला.

"उजवीकडे!"

हंस डावीकडे.

"वर! वर!"

"आक्का, खाली नका नेऊ!" सोल्डर घाईघाईने म्हणाला, आणि माळावर पहिल्यांदा हशा पिकला.

वहिनींना मात्र एक शंका होतीच. "वळेल हो कुठेही. गुण येतो तो डोक्यावरून फिरल्यावर. फिरवा की आमच्या डोक्यावरून!"

"ते होणार नाही," सर म्हणाले. "पंखा फिरतो आहे, बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. तो रिकामा खांब आहे ना लांब, त्याच्यावरून फिरव, आक्का."

आक्काने खांबावर तीन फेऱ्या घातल्या. पहिली वाकडी, दुसरी बरी, तिसरी झकास.

"घ्या," ती म्हणाली. "उतरली खांबाची साखर."

बॅटरीत पुरेशी शक्ती होती तोवरच सोल्डरने हंस उतरवला. आधी विमानाची बॅटरी काढली, मगच ट्रान्समीटर बंद केला, आणि लोकांना जवळ बोलावून पोटावरची पिसे बाजूला सारली. आत फोमचे अंग, काडेपेटीएवढा रिसीव्हर, पंख आणि शेपटी हलवणाऱ्या इवल्या मोटरी आणि शेपटीखाली पंखा. त्याने एकेक भाग बोटाने दाखवला. चार दिशांचे वंदन म्हणजे हीच तपासणी, आसन फिरायचे ते वाऱ्यासाठी, सात लोक म्हणजे एवढीशी बॅटरी, आणि मनोऱ्यावर छत्रीखाली बसायचो तो मीच, असे त्याने मान खाली घालून सांगितले. वहिनींनी हंसाच्या पोटात बराच वेळ डोकावून पाहिले. त्यांना बहुधा आपल्या गोळ्या दिसत होत्या.

"दक्षिणेला दोनदा का रे?" आक्काने विचारले.

"एकदा पिन सुटून विमान पडलं होतं. तेव्हापासून शेपटी दोनदा बघायची. सरांचा नियम."

आक्का आपल्या डाव्या पायाकडे पाहत राहिली. पट्टीची कड ओली झाली होती.

"फोमच्या पाखराची शेपटी तुम्ही दोनदा बघता," ती म्हणाली. "आणि मी तेरा दिवसांत माझी साखर एकदाही बघितली नाही. बाळ, ते साखर मोजायचं यंत्र आणलंयस ना? आणलं असशीलच. काढ."

सरांनी काढले. जमलेले सगळे आणखी पुढे सरकले. यंत्रावर आकडा उमटला: चारशे एकतीस. वहिनींच्या तोंडून "बाई गं" एवढेच निघाले.

"ही आकाशातून उतरलेली साखर," आक्का म्हणाली आणि खुर्चीतच वळून बसली. "ऐका गं सगळ्याजणी. मी मोठी शहाणी, तरी फसले, तेव्हा लाजू नका. ज्यांनी ज्यांनी औषधं सोडलीत, त्यांनी आज मोजून घ्या आणि डॉक्टरांना खरं खरं सांगा. कोणी म्हणालं बरं वाटतंय, तर विचारा, मोजलं का? कोणी म्हणालं माझ्या शक्तीनं झालं, तर म्हणा, आता उलटं करून दाखवा. न दाखवता नुसता रागावला, तर उठून घरी या. हंस उडताना दिसला, तर बघा की खुशाल. सुंदर उडतो. दोरीच्या मागून बघा."

गुरू एव्हाना गाडीत बसले होते. दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी जाहीर केले की हंस मुक्त होऊन परलोकी गेला. परलोक म्हणजे तंत्रशाळेचे वर्कशॉप. तिथे तो पिसांशिवाय टांगलेला आहे आणि त्याच्यावर मुले बिजागऱ्या बसवायला शिकतात.

आक्का माळावरून थेट दवाखान्यात गेली. इन्सुलिन सुरू झाले. जखम साफ करताना ती ओरडली, भावाला बोलली, डॉक्टरांनाही बोलली, पण पट्टीची एकही वेळ चुकवली नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी शेवटची पट्टी सोडली आणि कागदावर निष्कर्ष लिहिला. डाव्या पायाची बोटे: पाच.