पाहुण्या गटांची यादी

मलेशियातल्या मुआर गावच्या त्या फर्निचर कारखान्यात संगणकांचा सगळा कारभार एकट्या झुलैखाच्या गळ्यात होता. मंगळवारी सकाळीच मॅनेजर रिझाल तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"नोकरकपातीची यादी मस्तुराने उघडली. चोरून! चार वाजता चौकशी, मग तिला नारळ. कुलूप कसं फोडलं, तेवढं शोधून दे."

मस्तुरा गोदामातली कारकून, वीस वर्षं जुनी, दुपारी झुलैखाच्या शेजारी बसून जेवणारी. ती रडवेली होऊन आली. "अगं, मी कसलं कुलूप फोडते? मला पासवर्ड बदलायलासुद्धा तू लागतेस! फाइल दिसली, उघडली."

"रडू नका, कक," झुलैखा म्हणाली; थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती मस्तुराला 'कक' म्हणे. "बघते मी."

यादी फक्त 'व्यवस्थापन' गटाला दिसायची. झुलैखाने त्यातली नावं काढली. सहा साहेब; मस्तुरा नाहीच. पण गटाच्या पोटातही गट असतात, आणि त्यांतल्यांनाही सगळं दिसतं. तिने ते शोधायला संगणकासाठी एक स्क्रिप्ट लिहिली: आत गट सापडला की त्यात शिर, तिथेही सापडला की आणखी आत. स्क्रिप्ट आत गेली ती बाहेरच येईना. कुणा शहाण्याने दोन गट एकमेकांत घातले होते आणि ती बिचारी घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. पाहिलेल्या गटात पुन्हा जायचं नाही, अशी ओळ घातल्यावर ती ताळ्यावर आली.

सहाची एक्केचाळीस नावं झाली! मस्तुरा बॅडमिंटन मंडळात, मंडळ इफ्तार समितीत, आणि समिती थेट 'व्यवस्थापना'त.

हा उद्योग कुणाचा? झुलैखाने तारीख पाहिली. गेला रमजान. इफ्तारसाठी हॉलचं बुकिंग संगणकावर फक्त साहेबांच्या गटाला करता यायचं, म्हणून तिनेच समिती त्यात घातली होती. टेबलं उचलायला आणि पेज वाढायला दरवर्षी बॅडमिंटनवालेच. एकेक नाव कोण टाकत बसणार, म्हणून अख्खं मंडळ समितीत. ईद झाली, काढायचं राहून गेलं.

चार वाजता तिने कागद पुढे ठेवला. "कुलूप फोडलं नाही, साहेब. दार उघडंच होतं. तुमच्या ड्रायव्हरलासुद्धा."

"उघडं कुणी ठेवलं?"

'नोंद नाही' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"मी," ती म्हणाली.

रिझालनी मस्तुराची चौकशी तिथेच बंद केली आणि झुलैखाची सुरू केली.

बाहेर मस्तुराने तिला गाठलं. "वेडी का खुळी तू? गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," झुलैखा म्हणाली. "पण मग उद्या तुमच्या शेजारी बसून जेवले कशी असते, कक?"