राखणदारासमोर

रविवारी चंदूकाका बसस्टॉपवर सगळ्यांच्या आधी हजर असायचे, हे जुनंच होतं. हल्ली मात्र ते उजाडायच्याही आधी येऊन उभे राहत. मंडळी आपल्याला टाकून आधीची बस पकडतील, ही धास्ती त्यांच्या पोटात बसली होती. ती उगाच नव्हती. महिन्याभरापूर्वी एका रविवारी मंडळातल्या अनुपमाने त्यांना बोरिवलीला भेटायची वेळ कळवली होती, आणि ते तिथे पोचले तेव्हा बाकीचे नॅशनल पार्कातल्या ओढ्यापर्यंत जाऊन पोचले होते. नंतर अनुपमा म्हणाली, चुकून जुनी वेळ पाठवली गेली. काकांनी मान डोलावली. खोटं बोलणाऱ्याला उघडं पाडायची त्यांना कायम लाज वाटत आली होती.

हे पायवाट मंडळ काकांनीच काढलेलं. चंद्रप्रकाश परब हे त्यांचं कागदोपत्री नाव, मूळ गाव मालवणकडचं, वडील गिरणीत, आणि स्वतः औषधाच्या एका कंपनीचं गोदाम सांभाळून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांना आणि मरोळ गावठाणातल्या इग्नेशियसला एकाच वेळी एक शोध लागला होता. या शहरात रान बघायला गाडी लागत नाही, पाठीवर मोठालं बोचकंही लागत नाही, साधी बस पुरते. बस आरेत सोडते, पवईच्या तलावाशी सोडते, मुलुंडच्या मागच्या डोंगराच्या पायथ्याशी सोडते. शेवटच्या स्टॉपवर उतरायचं आणि पाय नेतील तिकडे जायचं. दोघांचे चार झाले, चारांचे पंधरा-वीस. जोगेश्वरीत राहणारी, मूळची कोकणातली कुटुंबंच जास्त, कारण काकांची ओळख तेवढीच.

आणि म्हणूनच मंडळाची एक रीत पडली. वाट धरण्याआधी जिथे कुठे त्या जागेच्या राखणदार देवाचा शेंदूर फासलेला दगड दिसेल, तिथे नारळ ठेवायचा आणि सगळ्यांत वडील माणसाने गाऱ्हाणं घालायचं. गावाकडे घालतात तसंच, मालवणीत, मोठ्याने. त्याने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. घरात चारचौघांत तोंड न उघडणारे काका गाऱ्हाण्याला उभे राहिले की वेगळेच माणूस व्हायचे. आवाज घुमायचा. आणि या बाबतीत ते कडकही होते. एकदा यज्ञेश नावाचा पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून होता, त्याचा होकार राहिला, तेव्हा काकांनी सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून पुन्हा घातलं होतं. राखणदारासमोर उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही, आणि एकाचाही होकार राहिला तर तो शब्द पोचत नाही, असं ते नव्या पोरांना बजावून सांगत.

इग्नेशियस तेवढा बाजूला उभा राहून छातीवर क्रूस करायचा. त्याला कुणी कधी काही म्हटलं नाही. त्याचं त्याच्या देवाशी, काका म्हणायचे, आणि तो विषय तिथे संपायचा.

त्या रविवारी आरेत जायचं ठरलं होतं. आदिवासी पाड्याच्या मागून चढणारी वाट, वर टेकाडावर पोचलं की विहारचं पाणी दिसतं. काकांची सर्वांत लाडकी वाट. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे पाय जड झाले होते. मध्ये मध्ये थांबावं लागे. त्यांच्यामुळे परतीची बस दोनदा चुकली होती आणि मंडळी उन्हात ताटकळली होती. देवेशने तेव्हा तोंडावर काही म्हटलं नव्हतं, फक्त घड्याळाकडे बघत राहिला होता.

देवेश राणे चाळिशीचा, फ्लॅट विकायचा धंदा, बोलायला साखर. पंधरा वर्षांपूर्वी तो मंडळात आला तेव्हा त्याला चढणीवर धाप लागायची, आणि काका त्याच्यासाठी थांबायचे. आता मंडळ त्याच्याच इशाऱ्यावर चालत होतं. आपण दीड तासात कुठली टेकडी पार केली, याचे व्हिडिओ तो टाकायचा आणि दर महिन्याला नवी पोरं यायची. व्हिडिओत काका कधी दिसत नसत.

बस आरेच्या आतल्या रस्त्याने निघाली तेव्हा देवेश काकांच्या शेजारी येऊन बसला. काकांना बरं वाटलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, ‘‘काका, आज गाऱ्हाणं मी घालू का?’’

गाऱ्हाणं वडील माणसाने घालायचं खरं, पण वडील माणसाने खांद्यावर हात ठेवून दिलं तर दुसऱ्यालाही घालता येतं. कुणी तरी आपल्याकडून ते मागून घ्यावं, असं त्यांना कित्येक वर्षं वाटत होतं. आणि हा माणूस मागत होता, ज्याच्याविषयी आपण महिनाभर नाही नाही ते मनात आणलं. काकांना स्वतःची शरम वाटली. शब्द येतात का सगळे, एवढंच त्यांनी विचारलं. देवेश म्हणाला, तुमच्याच तोंडून ऐकलेत, येणार नाहीत तर काय.

स्टॉपवर उतरून मंडळी उंबराखाली जमली. झाडाच्या बुंध्याशी वाघोबाचा दगड होता, पाड्यातल्या लोकांचा. मंडळाने तो आपला राखणदार मानला होता. नारळ ठेवला, उदबत्ती लागली. काकांनी देवेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे सरून सगळ्यांबरोबर उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते होकार देणाऱ्यांच्या रांगेत होते.

‘‘बा राखणदारा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी हत.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘कोणाचो पाय घसारलो, काय जनावर आडवां इलां, तर तू फुडे हो म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

काकांच्या अंगावर काटा आला. चढउतार त्यांचेच, थांबण्याच्या जागा त्यांच्याच. आपल्याला मुलगा असता तर, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

‘‘आमच्या चंदूकाकान ह्या वाटेर खूप पायपीट केल्यान. आता तेच्या पायांक इसावो दी. आजपासून तेका हयच झाडाखाली बसव आणि आमची वाट मोकळी कर म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सगळे म्हणाले. काकाही म्हणाले. सवयीने, डोळे मिटून, सगळ्यांपेक्षा खणखणीत.

मग त्यांनी डोळे उघडले. कुणीतरी फिस्सकन हसलं. अनुपमाने ओढणी तोंडाला लावली होती, तिचे खांदे हलत होते. आपण कशाला होकार दिला, हे काकांना एकेक शब्द मागे जाऊन जुळवावं लागलं.

‘‘हे काय रे देवेश,’’ ते म्हणाले.

‘‘काय काका? तुम्हीच तर म्हणालात. सगळ्यांत मोठ्याने म्हणालात.’’

‘‘मी सवयीने म्हटलं.’’

‘‘देवासमोरचा शब्द मागे घेता येत नाही ना? का ती फक्त आम्हाला सांगायची गोष्ट होती?’’

देवेशच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला करारातलं कलम दाखवावं तसं तो बोलत होता. अनुपमा समजुतीच्या सुरात म्हणाली की आमच्या पिशव्या सांभाळायला माणूस हवाच असतो, सावली छान आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठी थांबून थांबून वाट लागते हो सगळ्यांची. नवी पोरं चपलेने माती उकरत उभी होती. त्यांना हे लवकर संपायला हवं होतं.

भांडायचं कसं ते काकांना कधीच जमलं नव्हतं. पण नियम त्यांना येत होता, तोच त्यांनी धरला.

‘‘सगळ्यांचा होकार नाही झाला,’’ ते म्हणाले. ‘‘इग्नेशियस बोललेला नाही.’’

देवेश हसला. ‘‘अंकल कधीच बोलत नाहीत. इतक्या वर्षांची सगळी गाऱ्हाणी मग फुकट गेली म्हणायची?’’

काकांचे जोडलेले हात खाली आले.

‘‘बरं, असू दे,’’ देवेश म्हणाला. ‘‘तुमचा नियम, तुमच्या मनासारखंच करू. इग्नेशियस अंकल, तुम्ही सांगा. काका येऊ देत, की बसू देत?’’

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. इग्नेशियस रस्त्याच्या कडेला, नेहमीच्या जागी उभा होता. काकांना एकदम हायसं वाटलं. त्यांनी जवळजवळ हसून त्याच्याकडे बघितलं. या माणसाबरोबर त्यांनी येऊरच्या रानात पावसात भिजत एक डबा वाटून खाल्ला होता. बेला वहिनी, इग्नेशियसची बायको, गेल्या तेव्हा चाळीस दिवस रोज संध्याकाळी ते मरोळला जाऊन नुसते त्याच्यासमोर बसत होते.

इग्नेशियस काकांपेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याचा डावा गुडघा सुजलेला असायचा. पँटच्या आत पट्टा बांधून तो यायचा, ते एकट्या काकांना ठाऊक होतं. काकांच्या मागे राहिल्यामुळे त्याचं लंगडणं आजवर कुणाच्या नजरेत आलं नव्हतं.

तो काकांकडे बघेना. देवेशकडे बघितलं, मग दगडाकडे, मग स्वतःच्या बुटांकडे.

‘‘अंकल, बस नाही थांबायची कुणासाठी,’’ देवेश म्हणाला. ‘‘पुढच्या वेळी कोण कोण येतंय, तेही ठरवायचंय.’’

इग्नेशियसने टोपी काढली. उन्हं अजून आली नव्हती, तरी कपाळ पुसलं.

‘‘व्हय म्हाराजा,’’ तो म्हणाला.

त्याला तो उच्चारही नीट जमला नाही. पण यावेळी कुणी हसलं नाही.

देवेशने नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा काकांच्या हातावर ठेवला, वाकून पायाही पडला. मग पिशव्या झाडाच्या मुळाशी रचल्या गेल्या आणि रांग निघाली. कुणी तरी वरून ओरडून सांगितलं की निळ्या पिशवीत दही आहे, उन्हात ठेवू नका.

काका थोडा वेळ तुकडा हातात धरून बसले. मग उठले आणि त्यांच्या मागून चालायला लागले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. पाड्याची शेवटची झोपडी मागे पडली, करवंदांची जाळी लागली. पहिल्या चढाशी रांग दिसली. शेवटचा इग्नेशियस होता.

‘‘इग्नेशियस,’’ त्यांनी हाक मारली. ‘‘अरे, थांब रे जरा.’’

इग्नेशियसला ऐकू गेलं. त्याची पाठ ताठ झाली, त्यावरून ते कळलं. पण मान वळली नाही. तो भराभर पाय टाकायला लागला, लंगडणं लपवायचंही विसरून, आणि पुढच्या पोराला गाठून त्याच्याशी काहीतरी बोलू लागला.

काका खाली आले. पिशव्या तशाच पडल्या होत्या. गोरेगावची बस आली, तेव्हा पिशव्या तिथेच ठेवून ते चढले आणि रानाकडच्या खिडकीशी बसले. बस वळणावर आली. वर उघड्या टेकाडावर माणसांची बारीक रांग दिसत होती, त्यात कोण कोण हे इथून ओळखू येत नव्हतं. काका सीटवरून उठले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. नाहीतर त्यांच्यापैकी कुणी खाली बघितलं असतं, आणि आपण निघून चाललोय हे त्यांना दिसलं असतं.