घरचं माणूस

परळच्या इस्पितळात, मानसोपचाराच्या ओपीडीत, गुणाजी चक्क खोटं बोलला आणि तेही उलटं. लोक पितात आणि नाही म्हणतात. या बहाद्दराने गेल्या गणपतीपासून थेंबाला हात लावला नव्हता, तरी म्हणाला, "पितो की. रोज."

समोर अनुजा मॅडम होत्या. दारूच्या सवयीबद्दलचे इंग्रजी प्रश्न त्यांनी मराठीत आणले होते, आणि ते विचारून पेशंटची खरी अवस्था कळते का, हे त्या पडताळत होत्या. त्यासाठी घरच्या माणसालाही बोलावून, वेगळं बसवून विचारायचं. उदासीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या गुणाजीने बाकावर ऐकलं होतं की पिणाऱ्यांच्याच घरच्यांना बोलावतात. झालं! त्याने मालनचा नंबर देऊन टाकला.

मालन त्याची बायको. दारूला कंटाळून भोईवाड्याला भावाकडे गेली ती गेलीच. भोईवाडा काही लांब नाही, पण गुणाजीला तिथला जिना चढवत नव्हता. त्याच जिन्यावर पिऊन त्याने मेव्हण्याची गचांडी धरली होती. आता कुठल्या तोंडाने जाणार? दारू सुटली आणि तिची आठवण जास्तच छळू लागली. बाजारातून शिळे बांगडे आणले तरी बोलायला घरात कोणी नव्हतं. तिने येऊन नुसतं ओरडावं, असं त्याला फार वाटायचं.

आज ती आली. केस बरेच पिकले होते. त्याच्याकडे एकदा बघून ती आत गेली आणि गुणाजी बंद दाराकडे बघत बसला.

"काय विचारलं?" ती बाहेर येताच त्याने विचारलं.

"पितात का म्हणून."

"मग?"

"सोडली, म्हटलं."

गुणाजी गारच पडला. "तुला कोणी सांगितलं?"

"आपल्या शेजारची सुंदराबाई फोन करते ना. तुम्ही काय सांगितलंत?"

"पितो म्हणून." त्याची मान खाली गेली. "नायतर तुला बोलावलं नसतं."

मालनने कपाळावर हात मारला. तिचे डोळे भरून आले, आणि रागही आला. "सोडलीत ते कळल्यापासून वाट बघतेय मी. आज येतील, उद्या येतील. आणि बोलावणं आलं कुणाचं, तर इस्पितळाचं!"

इतक्यात अनुजा मॅडम दारात आल्या. "काका, काकू, पंधरा दिवसांनी दोघंही परत या हं. हेच प्रश्न पुन्हा विचारायचेत. उत्तरं तीच येतात का, ते बघायचं असतं."

"माझी नाय येणार तीच," गुणाजी पुटपुटला. "मी पीत नाय, मॅडम. हिला बोलवाल म्हणून तसं बोललो."

"अहो काका, न पिणाऱ्यांच्याही घरच्यांना बोलावतोच की आम्ही!"

गुणाजीला कुठे बघावं कळेना. मालन निघाली. चार पावलं जाऊन थांबली.

"त्या दिवशी मी एकटी येणार नाही. न्यायला या."

"येतो. खाली उभा राहतो."

"वर या," मालन म्हणाली.