तीन मार्चची नोंद

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, आणि उशिरा आलेले लोक दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. व्यासपीठावरच्या पडद्यावर एका वेबसाइटचं पान दिसत होतं.

"वाचा," द्रष्टे म्हणाले. त्यांना सगळे द्रष्टेच म्हणत. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. "मी नाही वाचत. नाहीतर म्हणाल, यांच्या आवाजातच काहीतरी आहे."

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा सावरला. "रविवारी पहाटे जुन्या पुलाचा कठडा ढासळेल. इजा कुणालाही होणार नाही."

"आणि खाली?"

"नोंद केल्याची तारीख, तीन मार्च." गृहस्थांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. कठडा पडून जेमतेम चार दिवस झाले होते, आणि महिना जूनचा होता.

सभागृहभर हात जोडले गेले. मागून तिसऱ्या रांगेत बसलेल्या कार्यक्रमवालीचे मात्र कान तापले, कारण ते पान तिचं होतं. शहरात कुठे व्याख्यान, कुठे मैफल, कुठे कुंडीतल्या झाडांचा वर्ग, याची यादी ती दहा वर्षं इंटरनेटवर चालवत होती.

"बघ, तुझ्याच साइटवर आहे," शेजारून मावशी म्हणाली. "आता तू काही खोटं छापणार नाहीस."

उद्या सकाळी मावशीच्या मानेतल्या गाठीचं ऑपरेशन होतं. आता थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मागच्या आठवड्यात द्रष्ट्यांनी गाठीकडे लांबूनच पाहून निदान केलं होतं : "ही रुसलेली ऊर्जा आहे. चाकू दाखवाल तर आणखी रुसेल." तेव्हापासून मावशी गाठीशी गोडीगुलाबीने बोलत होती. आज तिने पर्समधून फोन काढला. "हॉस्पिटलला नको म्हणून कळवते."

"दहा मिनिटं थांब," कार्यक्रमवाली म्हणाली आणि तिने मांडीवर लॅपटॉप उघडला.

तिला एक साधा प्रश्न पडला होता. हे पान तीन महिने सगळ्यांसाठी उघडं होतं, मग रविवारच्या आधी ते एकानेही कसं वाचलं नाही?

द्रष्ट्यांच्या खात्यात एकतीस नोंदी होत्या. सगळ्या तीन मार्चच्या. एकतिसांपैकी तिसांत एकच ओळ : 'प्रवचन. तपशील लवकरच.' मार्चमध्ये या नोंदी पाहून, काय आळशी आयोजक आहे, असं म्हणून ती हसली होती. आता हसू येईना. चूक तिचीही होती. आयोजक शेवटच्या घटकेपर्यंत जागा, वेळ, वक्ता बदलत राहतात, म्हणून नोंदीतला मजकूर कधीही बदलायची सोय तिने दिली होती. बदलाची तारीख मात्र पानावर दिसत नसे. सारखे बदल दिसले की लोक येत नाहीत, अशी सभागृहवाल्यांची कुरकुर होती, आणि ती तिने ऐकली होती.

ती लॅपटॉप घेऊन व्यासपीठावर गेली. "साइट माझी आहे. पुरावा माझा दाखवताय, तर मलाही दोन शब्द बोलू द्या."

"या ना, ताई," द्रष्टे प्रसन्नपणे म्हणाले आणि घोटभर पाणी प्यायले. "साक्षीदार स्वतःच आला."

तिने पडद्याची वायर आपल्या लॅपटॉपला जोडली. जानेवारीत तिने स्वतः टाकलेली कुंड्यांच्या वर्गाची नोंद उघडली, मजकूर पुसला आणि टाइप केलं : 'गुरुवारी द्रष्टे व्यासपीठावर पाणी पितील. इजा कुणालाही होणार नाही.' पान पुन्हा उघडलं. खाली तारीख तशीच होती, नऊ जानेवारी.

कुणीतरी खुदकन हसलं. मग हशा पायऱ्यांपर्यंत पोचला.

"आणि ही द्रष्ट्यांची नोंद. आधीचा मजकूर साइट आत जपून ठेवते." पडद्यावर दोन ओळी आल्या. तीन मार्च : 'प्रवचन. तपशील लवकरच.' सोमवार, दुपारी सव्वातीन : 'रविवारी पहाटे जुन्या पुलाचा कठडा...'

"काळ सरळ रेषेत नसतो, ताई," द्रष्टे म्हणाले. "तो वळतो. ज्ञान आधी येतं, शब्द मागून येतात."

"हरकत नाही. तीस नोंदी अजून रिकाम्या आहेत. पुढच्या रविवारचं आत्ता इथे लिहा. मी ती नोंद बंद करते, मग मलाही ती बदलता येणार नाही. रविवारी सगळे मिळून वाचू."

द्रष्ट्यांनी डोळे मिटले. "परीक्षा घेतली की दृष्टी आटते."

"मग कठड्याच्या वेळी कुणी घेतली नव्हती वाटतं," पायऱ्यांवरून एक आजोबा म्हणाले.

बाहेर आल्यावर मावशीने मानेतली गाठ चाचपली. "म्हणजे ती रुसलेली नाही."

"नाही गं. ती गाठ आहे."

"आठवडाभर मी तिला बाळा म्हणत होते." मावशीने हॉस्पिटलचा नंबर लावला. "हो, उद्याचंच. उपाशीपोटी किती वाजता यायचं, तेवढं सांगा."

त्याच संध्याकाळी कार्यक्रमवालीने प्रत्येक नोंदीखाली शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ दाखवायला सुरुवात केली. सभागृहवाले कुरकुरले. तिने कुरकुरू दिलं.

चमत्कार समोर आला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं : हे कधी लिहिलं, आणि नंतर याला हात कुणी लावला? त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. जे खरं असतं, ते विचारल्याने मोडत नाही.